हात मागे

१२ ऑगस्ट

ठमाबाई,

अनेक आशीर्वाद. "मावशी, मला स्त्रीवादी म्हणू नकोस," असं तू नऊ वर्षांपूर्वी आमच्या मंडळाच्या बैठकीत म्हणालीस, आणि तुला सगळं आयतं मिळालंय म्हणून मी सगळ्यांदेखत तुला झापलं. तेव्हापासून आपण एकमेकींची फक्त तब्येत विचारतो. माझी बरी आहे. गुडघा कुरकुरतो.

परवा तुझ्या गॅरेजात आले तेव्हा स्कूटर ठणठणीत होती, हे तू ओळखलंच असशील. तासभर बाकावर बसून बघत होते. नवी मुलगी एका नटाशी झटत होती आणि तुझे म्हातारे मिस्त्री हात पाठीशी बांधून, शाळेतल्या पोरासारखे, नुसतं तोंडानं सांगत होते. चौथ्यांदा पाना सटकला तशी मी उठले आणि 'दे इकडे' म्हणत तो तिच्या हातातून घेतलासुद्धा.

"मावशी, हात मागे," तू म्हणालीस. "आमच्याकडे ज्याच्या हातात पाना, त्याचंच काम."

मी पाना परत दिला. नट सुटला तेव्हाचा तिचा चेहरा! वीस वर्षं भाषणं केली, पण असा चेहरा मला समोर कधी दिसला नाही. घरी येईपर्यंत अभिमानानं ऊर भरून आला होता.

निघताना मी विचारलंच, की एवढं करतेस तर त्या शब्दाचं वावडं का. तू म्हणालीस, शब्द काढला की लोक काम सोडून वाद घालतात, नव्या मुली बिचकतात. उरलेलं कारण तू मला लागू नये म्हणून गिळलंस.

मंडळाच्या बैठका तुमच्या घरी भरायच्या. आम्ही बाहेरच्या खोलीत बायकांच्या कष्टांवर बोलायचो आणि ताई, तुझी आई, आत पंचवीस कप विसळायची. तिला बाहेर बोलवावं, हे मला एकदाही सुचलं नाही. तू मधल्या दारात उभी असायचीस. तुला दोन्ही खोल्या दिसत होत्या.

रविवारी बैठक माझ्याकडे आहे. कप मी विसळेन. ताईला घेऊन ये, पुढच्या खुर्चीत बसव, आणि ती उठू लागली तर तुझा नियम तिलाही सांग.

आणखी एक मागते. तू नाही म्हणशील, ठाऊक आहे. मंडळ तू चालव. मंडळाच्या पाटीवरून 'स्त्रीवादी' हा शब्द काढावासा वाटला तर काढ. मला लागेल, पण मी मध्ये पडणार नाही.

हात मागे बांधून,
तुझी मावशी