हाताचं तेल

३ मार्च
नोकरी लागली, आणि प्रयोगशाळेच्या मागेच दोन खोल्याही मिळाल्या. रंग अजून ओला आहे. काम आवडलं. तेलाच्या विहिरीतून काढलेला शेल म्हणजे पाटीसारखा थराथरांचा काळा दगड. तो कुटून चिमूटभर पूड भट्टीत तापवायची. त्यात तेल असलं तर यंत्र कागदावर काढतं त्या रेघेला उंचवटा येतो. भट्टी सांभाळणारे काका म्हणाले, दगडाला उघडा हात लावलात तर स्वतःच्याच हाताचं तेल मोजत बसाल. लेक, चिमी, सध्या ताईकडे आहे. घर लागलं की आणायची. दगडाचं तेल माझ्या केसांना लावशील का, असं फोनवर विचारत होती.

९ मार्च
नवा दगड आला. काका म्हणाले, हा जमिनीखाली इतका भाजलाय की तेल जाऊन नुसतं चिपाड उरलंय. घाईत मी हातमोज्यांशिवायच उचलला. आधी गार लागला, मग कोमट. रेघेला हा मोठा उंचवटा. काकांनी टोमणा मारलाच, की बाई, विहीर खणायची तर तुमच्यातच खणू.

१४ मार्च
हातमोजे घातले तरी उंचवटा तसाच. दगडात तेल आहे म्हणून साहेब खूश. माझे तळवे कागदासारखे कोरडे पडलेत. चहाच्या पातेल्यानं हात भाजला, ते फोड आल्यावर कळलं.

२० मार्च
काका आज हसले नाहीत. तुमच्या आधीची बाईही अशीच कोरडी पडत गेली, म्हणाले. चिपाड झालं की ते शेजारच्याचं ओढून घेतं. मी मान डोलावली. घाबरायला हवं होतं. फोनवर चिमी रडली. शेजारच्या घरातलं मूल रडावं तसं ऐकलं.

२५ मार्च
रेघ सपाट. माझ्यातलं संपलं. काका म्हणाले, आता तुम्हीच चिपाड झालात, लेकीला आणू नका. ताईला कळवते म्हटलं. कळवलं नाही — तसं काही वाटलंच नाही.

२८ मार्च
दुपारी ताई चिमीला सोडून गेली. चिमी माझा डावा हात धरून बसली आहे. उजव्यानं लिहिते — किती दिवसांनी ऊब — बोटं हलताहेत — माया दाटून येते आहे, पूर्वीसारखी —

ती म्हणते, आई, हाताला मुंग्या आल्यात, सोड ना.

सोडते. सोडायलाच हवा. एवढी ऊब जरा —