खडकावरच्या होड्या

१८ जून १८५२, जहाजावर

सिग्ने गेली. नऊ महिन्यांचं लेकरू! शिडाच्या कापडात शिवली, पायाशी वाळू बांधली आणि सोडली. कप्तान म्हणाला, "बाई, आता बाजूला व्हा." पाणी लगेच पहिल्यासारखं झालं. तिचा बाप तोर्युस आधीच अमेरिकेला गेलेला, त्याने तिला पाहिलंसुद्धा नव्हतं. त्याला कोणत्या तोंडाने सांगू?

९ फेब्रुवारी १८५३, विस्कॉन्सिन

नवऱ्याचं पत्र पुन्हा वाचलं. तो आणि धाकटा दीर आस्लाक गेल्या एप्रिलातच ऑरेगॉनच्या वाटेला लागले. लिहितो – "मोठ्या खडकांवर माझं नाव कोरीन, खाली होडी. होड्या बघत बघत ये. आणि सिग्नेला ऊन लागू देऊ नकोस."

सिग्नेचं पत्रात नाही कळवायचं. समोर बसून सांगीन. रोज मनात घोकते, पण पहिलं वाक्यच जमत नाही.

१ जून

होडी सापडली! शीड वाकडं – त्याच्याच हातचं. कितीतरी वेळ त्यावर बोट फिरवत बसले.

१७ जून

आमच्या गाडीतली ग्रो आजी पटकीने गेली. सकाळीच मला दटावत होती, "पोरी, ओझं झालं म्हणून माझा चरखा फेकलास तर बघ!"

भर रस्त्यात पुरली आणि वरून सगळ्या गाड्या नेल्या. माग राहिला नाही की लांडगे उकरत नाहीत म्हणे. आमचे बैल मीच हाकले. चाक जरासं खचलं. अजून ते अंगात जाणवतंय.

३० जून

नदी ओलांडली. काठावर वीज पडून चिरलेलं एकच झाड, त्याच्या सावलीत भाकरी खाल्ली. निघताना कुणीतरी मला नावाने हाक मारली – "गुनहिल्ड!" अगदी जवळून. वळून पाहिलं, तर मागे नुसता रस्ता. उन्हाचा भास असेल. बैल पुढे हाकले.

५ जुलै

खडकावर तोर्युसचं नाव आहे, होडी नाही.

११ जुलै

आजही नाही. घाईत असेल.

४ ऑक्टोबर, ऑरेगॉन

आस्लाक एकटाच सामोरा आला. "वहिनी, अर्ध्या वाटेत तू हातपाय गाळशील म्हणून पुढची नावं मीच कोरली. होडी मला जमेना."

तोर्युसला गेल्या वर्षीच त्या चिरलेल्या झाडापाशी पुरलंय. भर रस्त्यात.

बैल मीच हाकत होते.

सिग्नेचं सांगायचं राहूनच गेलं.