अळीची डबी आणि चौदा वह्या यांची व्यवस्था

मी, सुरेंद्र नारायण दहिभाते, वय ६८, भोसरीच्या टूलरूममधून निवृत्त झालेला टर्नर, राहणार डांगे चौकाजवळ, थेरगाव, माझ्यामागे काय कोणाला जावे हे स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. डोके ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखल्याची गरज पडली, कारण माझा पुतण्या अनिश याचे मत वेगळे आहे. नाल्याकाठी एरंडाची पाने तोडताना त्याने मला पाहिले आणि गाडीची काच खाली करून म्हणाला, "काका, एकदा डोक्याच्या डॉक्टरला दाखवू या ना."

पाने अळ्यांसाठी होती. अळ्या माझी पत्नी मृदुला हिच्या कामाच्या. ती मागच्या वर्षी ९ ऑगस्टला गेली. आम्हाला मूलबाळ नाही.

तिचे काम काय होते ते आधी लिहितो. वकील म्हणाले, मृत्युपत्रात याची गरज नाही. मला आहे.

मृदुला चाकणच्या एका खासगी प्रयोगशाळेत बावीस वर्षे होती. एरंडावरच्या अळीचे आतडे अन्न आत कसे घेते, हे ती पाही. तिने मला समजावले ते असे. पेशीच्या पातळ पडद्यातून अमिनो आम्ल आपोआप हवे तेवढे आत येत नाही. आपल्या शरीरात पेशी सोडियम बाहेर ढकलते, आणि ते परत आत येताना अमिनो आम्लाला बरोबर घेऊन येते. पाने खाणाऱ्या अळीच्या अन्नात सोडियम जवळजवळ नसते, पोटॅशियम भरपूर. म्हणून तिच्या आतड्यातल्या काही पेशी पोटॅशियम आतड्याच्या पोकळीत ढकलतात आणि शेजारच्या पेशींत ते परत शिरताना अमिनो आम्ल घेऊन शिरते. ढकलण्याला प्राणवायू लागतो. तो बंद केला की आतड्याच्या दोन बाजूंमधला विजेचा दाब मोजणाऱ्या मीटरचा आकडा काही मिनिटांत खाली येतो.

हे जगाला आधीपासून माहीत होते. तिचे साहेब डॉ. खांबेटे यांना नव्हते. त्यांनी उंदराच्या आतड्यासाठी असते तसे मिठाचे द्रावण तिला दिले. आतडे दर वेळी मरायचे. खांबेटे सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, दिलेलं प्रमाण पाळा. हे पोहे नाहीत, अंदाजाने करायला." ती घरी येऊन एवढेच म्हणाली, "अहो, त्यांना अळी आणि उंदीर यातला फरक कोण सांगणार?"

तिने न विचारता पोटॅशियमचे द्रावण केले. आतडे दोन द्रावणांच्या मधे ताणून बसवायला काही नव्हते, म्हणून मी ॲक्रिलिकचे दोन ठोकळे लेथवर घेतले, मधे पाच मिलिमीटरचे भोक. त्या जोडीला आम्ही डबी म्हणायचो. डबीत आतडे तासभर जिवंत राहिले. पुढे खांबेटेंच्या अहवालात डबी 'आम्ही विकसित केली' असे आले आणि शेवटच्या पानावर आभारांत, चहावाल्यानंतर, मृदुलाचे नाव.

निवृत्तीनंतर तिने गॅलरीत स्वतःच्या अळ्या वाढवल्या आणि चौदा वह्या लिहिल्या. त्या घरच्या आहेत, कोणत्याही कंपनीच्या नाहीत. शोकसभेत खांबेटे बोलले, "मृदुलाबाई फार मनमिळाऊ होत्या." खाली चप्पल घालताना मला विचारले, "त्या वह्या कुठे आहेत हो?" मी उत्तर दिले नाही. ते उत्तर आता देत आहे.

१. राहते घर अनिशला. घराशी माझे भांडण नाही. त्याला भिंती हव्या होत्या, त्या मिळतील.

२. फ्रीजही अनिशला. त्यात द्रावणाच्या बाटल्या असायच्या म्हणून हा मारुंजीहून येताना स्वतःची पाण्याची बाटली आणायचा. पत्नी गेल्यावर दहावा झाला, तेव्हा त्याने मोबाईलवरून फवारणीवाला बोलावला. "काका, सुतक फिटलं. तेराव्याला माणसं येणार, घरात किडे बरे दिसतात का?" तिच्या शेवटच्या अठ्ठावीस अळ्या पानांवरच मेल्या. त्याने घर शुद्ध केले असे तो समजतो. मी दारात उभा होतो, त्याला अडवले नाही. अनिशला मी मूर्ख म्हणतो. स्वतःला काय म्हणायचे ते मला माहीत आहे, इथे लिहीत नाही.

३. बँकेतली शिल्लक आणि मायक्रोमीटर तनुजा हिला. ती मृदुलाची विद्यार्थिनी, चाकणला तिच्या हाताखाली शिकलेली, आता भोसरीत शाळेत शिकवते. मायक्रोमीटर खरे तर माझे लेथवरचे जोडीदार बबनराव यांच्या हक्काचा, पण ते साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराने मृत्युपत्रातून काही घेऊ नये, असे वकील म्हणाले.

४. डबी आणि चौदा वह्या जो डबीत अळीचे आतडे एक तास जिवंत ठेवील त्याला. डॉ. खांबेटे यांना मी पत्र पाठवले होते की स्वतः या, स्वतःच्या हाताने करा, द्रावणही तुमच्या पसंतीचे घ्या. त्यांनी माणूस पाठवला, वह्या बांधून न्यायला दोरी घेऊन. दोरी ठेवून घेतली आहे. ती खांबेटेंना परत द्यावी.

५. कलम ३ किंवा ४ वर अनिशने हरकत घेतल्यास घरही तनुजाला.

६. चौदाव्या वहीचे शेवटचे पान अर्धे आहे. वर मृदुलाच्या अक्षरात, 'उद्या: पोटॅशियम काढून पाहणे.' खाली कोरे. त्या उद्यासाठीच्या अळ्या अनिशने मारल्या. म्हणून या वर्षी मी पाने तोडत होतो.

आज सकाळी तनुजाने दोन्ही साक्षीदारांसमोर डबीत आतडे बसवले. बबनराव म्हणाले, "सुरेंद्रराव, जन्मभर मायक्रॉन मोजले, पण आतड्याचा साक्षीदार व्हायची पाळी आज आली." एक तास दहा मिनिटे आकडा टिकला. मग तिने पोटॅशियम काढले, आकडा पडला. परत घातले, आकडा चढला. तिने ते कोऱ्या जागेत लिहिले आणि वर नाव टाकले, आधी मृदुलाचे, मग स्वतःचे. कलम ४ पुरे झाले. डबी आणि वह्या आजच तिच्या पिशवीत गेल्या. माझ्या मरणाची वाट पाहण्याची गरज नाही.

वरील मजकूर मी वाचून सही केली. साक्षीदारांनी माझी सही आणि मीटरचा आकडा, दोन्ही डोळ्यांनी पाहिले.

सही: सुरेंद्र नारायण दहिभाते

साक्षीदार १: बबनराव तुकाराम लांडे, भोसरी
साक्षीदार २: सुमनताई अशोक बारणे, वरचा मजला, थेरगाव

स्थळ: थेरगाव
दिनांक: २१ सप्टेंबर २०२५