कोणाचा आवाज भरदार

३ तारीख, सकाळ
हॉलमधला पियानो गेला. ट्यूनर म्हणाला, आतल्या तारा गंजल्यात, आता याच्यावर कुंड्या ठेवा. नवीन वाद्य निवडायचं काम आमच्या गायनमंडळाच्या लीडरबाईंनी माझ्यावर सोपवलं. साहजिक आहे. मंडळ निघाल्यापासून साथ मीच करते. वार्षिक कार्यक्रम तीस तारखेला. भरपूर वेळ आहे.
धाकटी जाऊ (मंडळात दुसऱ्या ओळीत गाते, बोलते मात्र पहिल्या ओळीत असल्यासारखी) म्हणाली, ताई, या वेळी जरा न रेंगाळणारं वाद्य आणा. अर्थ लागला नाही.

७ तारीख
दुकानात गेले. दोन प्रकार असतात. अरेंजर कीबोर्ड म्हणजे डाव्या हाताने तीन सुरांचा कॉर्ड धरला की ड्रम, बास, गिटार सगळं आपोआप सुरू. वर्कस्टेशनवर एकेक आवाज आपण घडवायचा. अरेंजर त्याच्या पोटातल्या स्पीकरवर ऐकला. कोणी डब्यात बसून गातंय असं वाटलं. मग वर्कस्टेशन. व्हायोलिनं सुरू झाली आणि कपाटाच्या काचा थरथरल्या. शाळेतलं चॅपेल आठवलं, पियानो शिकवणाऱ्या सिस्टर आठवल्या, डोळे भरून आले. सेल्समन म्हणाला, मॅडम, याला स्वतःचा स्पीकर नसतो, तुम्ही आमचे मोठे स्पीकर ऐकताय. विकणारी माणसं काहीही बोलतात. निर्णय झाला.

१२ तारीख
लीडरबाई म्हणाल्या, दोन्ही ट्रायलवर मागव, सगळ्या मिळून ऐकू. मागवले. अरेंजर जाऊने काखेत मारून हॉलमध्ये नेला. वर्कस्टेशन उचलताना ह्यांची कंबर धरली. भारदस्त वस्तू अशीच असते.

१५ तारीख
सगळ्यांसमोर चाचणी. वर्कस्टेशनचे दिवे लागले. वाजवायला घेतलं. पट्ट्यांची टकटक, बाकी काही नाही. लीडरबाई म्हणाल्या, अगं, सुरू कर ना. म्हटलं, सुरूच आहे. जाऊ म्हणाली, ताई, फारच नाजूक आवाज आहे हो! सगळ्या हसल्या. हॉलचा अ‍ॅम्प्लिफायर गाणाऱ्यांच्या माइकनाच पुरतो, त्यात आणखी वायर जात नाही. हा दोष हॉलचा.

१८ तारीख
अरेंजरवर तालीम. तिसऱ्या ओळीला ड्रम पुढे निघून गेले. मी थांबले, ते थांबले नाहीत. बायका ड्रमबरोबर गेल्या. इतकी वर्षं माझ्याबरोबर गायल्या आणि एका खोक्याच्या मागे लागल्या. सूर कुठे थबकवावा हे त्या यंत्राला काय कळणार? लीडरबाईंना सांगितलं, आवाज सपाट आहे. त्या मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, अगं, आजवर आम्ही तुझ्यासाठी थांबत होतो. मायेनेच म्हणाल्या. मला बरं वाटलं. साथ म्हणजे तरी दुसरं काय?
बोटं आखडली होती. हवा गार आहे.

२० तारीख
संकल्प: रोज दोन तास सराव. त्यासाठी वर्कस्टेशन टेम्पोने घरी आणलं. उद्यापासून सुरू.

२२ तारीख
कालपासून सुरू करणार होते, पण ह्यांची कंबर शेकायची होती. आज हेडफोन लावून बसले. काय तो आवाज! व्हायोलिनं, खाली ऑर्गन, मधूनच घंटा. हे पलंगावरून म्हणाले, नुसती टकटक ऐकू येतेय, टायपिंग शिकतेस का? गरम पाण्याची पिशवी पुन्हा भरून दिली.

२५ तारीख
लीडरबाईंनी अरेंजर ठरवला. वाजवणार जाऊ. तीन बोटांनी कॉर्ड दाबते आणि उजव्या हाताने केस नीट करते. याला वाजवणं म्हणतात. म्हणाली, ताई, तुम्ही पुढच्या रांगेत बसा ना, आरामात ऐका. म्हटलं, छे, मी स्टँडबाय राहते. विंगेत, वर्कस्टेशन घेऊन. लाइट गेले, मशीन अडलं, तर? लाइट गेले तर वर्कस्टेशनही बंद पडेल, असं कोणीतरी म्हणालं. लीडरबाईंनी तिला गप्प केलं. माझ्यावर केवढा विश्वास!
निघताना जाऊने एकदम मिठी मारली. डोळे ओले होते तिचे. घाबरली असणार बिचारी.

३० तारीख, कार्यक्रमानंतर
पडद्यामागे बसले. हेडफोन लावले. पहिल्या गाण्यापासून एकही गाणं सोडलं नाही. जिथे थबकायला हवं तिथे थबकले. घाई नाही, धावपळ नाही. बोटंसुद्धा बरी चालली. शेवटचा कॉर्ड पार विरून जाईपर्यंत धरून ठेवला. अंगावर काटा आला.
हेडफोन काढले तर सगळं शांत. टाळ्या होऊन गेल्या असाव्यात. पडद्याबाहेर आले. समोर एक माणूस खुर्च्या एकात एक रचत होता. त्याला विचारलं, साथ कशी वाटली?
म्हणाला, मस्त झाला की कार्यक्रम. तुम्हाला यायला उशीर झाला वाटतं.