पिवळी कापडी पिशवी

शनिवार, संध्याकाळ

विहीणबाई हो म्हणाल्या.

आमच्या सुधाच्या लग्नात पाहुण्यांना नारळ-विडा प्लास्टिकच्या पिशवीतून द्यायचा नाही, मंजप्पैतून, म्हणजे इथल्या पिवळ्या कापडी पिशवीतूनच द्यायचा, असं मी महिनाभर म्हणतेय. यांचं एकच, "मुलाकडचे कंजूष म्हणतील. पोरीला जन्मभर ऐकावं लागेल." धास्ती मलाही होतीच. मग एवढा हट्ट कशाला? पुतणीच्या लग्नानंतर मंडपामागच्या कालव्यात तिचं नाव छापलेल्या चकचकीत पिशव्या तरंगत होत्या. नवरीचं नाव, असं घाणीत. ते काही डोळ्यांपुढून जात नाही.

म्हणून आज नमुन्याची एक पिशवी घेऊन एकटीच बसने विहीणबाईंच्या गावी, पापनाशमला गेले. विहीणबाईंनी ती उलटीसुलटी केली, बंद ओढून पाहिले.

"नावं मोठी छापू नका," त्या म्हणाल्या.

"का हो? आवडली नाही?"

"आवडली. पण मोठं नाव असलं की बायका जपून ठेवतात. बाजारात नेत नाहीत."

आणि स्वयंपाकघरातली वांगी तिच्यात भरून त्यांनी ती शेजारणीकडे धाडली, वर निरोप, "सुनेच्या माहेरची पिशवी आहे, परत पाठव."

सुनेच्या माहेरची. बसमध्ये तेच घोळत होतं मनात.

हे आता फोनवर भावाला समजावताहेत, लग्नात कापडी पिशवीच कशी शोभते ते. जणू कल्पना यांचीच. असू दे.