तो जीव आणि हा जीव

११ जाने.

पंकजची पेटी काल बस्तरहून आली. उघडू नका, असं फोर्सचे साहेब म्हणाले. मी उघडायला लावली. बापाला नाही कोण म्हणणार. डावा हात ओळखला, लहानपणी मांजाने कापलेल्या बोटावरून. बाकी सगळं पांढऱ्या कापडाचं गाठोडं. सुरुंगाने माणसाचं काय होतं ते टीव्हीवर दाखवत नाहीत.

उषाला, त्याच्या आईला, जवळ येऊ दिलं नाही. सून मात्र आली. रेणूने माझा हात झटकला आणि पेटीशी उभी राहून बघत राहिली. रडली नाही. मला तिचा राग आला. का, ते माहीत नाही.

१९ जाने.

एकाला पकडलं. सुरुंगाची तार जोडणारा हाच म्हणे. टीव्हीवर दाखवला. विशीतला पोट्टा, मिशी नीट फुटलेली नाही. मला त्याची फक्त मान दिसली. आंघोळ करताना, भाजी आणताना माझे हात त्याच मानेवर. दाबतो. डोळे बाहेर येईपर्यंत दाबतो. मग नामस्मरणाला बसतो.

आम्ही महानुभाव. लग्नाआधीच उपदेश घेतला, तेव्हापासून मुंगी मारलेली नाही. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात उंदरांना विष टाकायची वेळ आली तेव्हा साहेबाशी भांडून बदली मागून घेतली. लोक हसले होते. हसू दे म्हटलं.

२४ जाने.

जंगलात फोर्सने बदला घेतला. बरेच नक्षली मारले. त्यात बायाही. आमच्या तात्यापारा चौकात फटाके. मोहल्ल्याचे पुढारी तिवारी भैया पेढ्यांचा डबा घेऊन दारात. म्हणाले, बाबूजी, आपके हाथ से बँटना चाहिए. वाटले. घरोघर जाऊन वाटले. स्वतः दोन खाल्ले. गोड लागले, खोटं कशाला लिहू.

घरी आलो तर उषा गोबी निवडत बसलेली. अळी निघाली, ती पानावर घेऊन अंगणात सोडायला निघाली होती. माझ्या हातातला डबा पाहिला.

"तो बाहेरच ठेवा. मले घरात नको."

बाहेर ठेवला.

२८ जाने.

आज वर्मा मास्तरांना मारलं. समोरच्या गल्लीतले, माझ्याच वयाचे, जुनी ओळख. टपरीवर चहा पीत होतो. त्या पोट्ट्याच्या फाशीचं बोलणं निघालं. ते हळूच म्हणाले, "भाऊ, उधर भी किसी का बेटा मरा है."

गरम चहा तोंडावर फेकला. मग ग्लास. नंतर मी त्यांच्या छातीवर बसलेलो आणि टपरीवाला मला काखेत धरून ओढतोय. त्यांचा एक दात पडला. माझी मूठ फाटली. शर्टावर कोणाचं रक्त किती ते कळेना. पोलिसात कोणी गेलं नाही. शहीदाचा बाप, म्हणून सगळं माफ.

बरं वाटलं. संध्याकाळपर्यंत वाटलं.

१ फेब्रु.

रेणूला दिवस गेलेत. दुसरा महिना. उषाला ठाऊक होतं, मलाच सांगितलं नव्हतं. ऐकून पंकज परत येतोय असंच वाटलं. हात जोडायला गेलो तर रेणू म्हणाली, नको आहे. समता कॉलोनीतल्या डॉक्टरीणबाईंशी बोलून आली आहे. शनिवारी जायचंय.

ओरडलो. तो जीव आहे म्हणालो. या घरात गोबीतली अळी मारत नाहीत म्हणालो. खुनी म्हणालो. हो, तोच शब्द.

रेणू मराठी समजते, बोलते हिंदीत. सावकाश बोलली. "पापा, पेटी आपने खुलवाई थी. तब से रोज़ सपने में बच्चा टुकड़ों में पैदा होता है. मैं ही बीन-बीनकर जमा करती हूँ."

उषा तिला आत घेऊन गेली. मी तिथेच.

३ फेब्रु.

शनिवारीच चौकात सभा. 'फाँसी दो'. तिवारी भैयांनी बॅनर लावले, पंकजचा फोटो, खाली माझं नाव. मुख्य भाषण माझं.

आश्रमात महंतबाबांना फोन लावला. सरळ विचारलं, पोट पाडणं म्हणजे काय. हिंसा, बाबा म्हणाले, नर्क लागतो. मी मुद्दाम स्पीकर मोठा केला, आवाज रेणूच्या खोलीत जावा म्हणून. तेवढ्यात उषाने फोन हिसकावला.

"दंडवत, बाबा. अन् मेलेल्यायचे पेढे वाटले त? त्या पोट्ट्याले लटकवा म्हनून भाषण द्याले निघून राहिले हे. त्याचं काय लागते?"

बाबा म्हणाले, तेही तेच. साध्याच आवाजात, वेळ विचारल्यावर सांगावी तसं.

मी फोन कापला. ज्यांच्याकडून उपदेश घेतला त्यांचा फोन कापला.

५ फेब्रु.

मारणं वाईट म्हणावं तर तो पोट्टा वाचतो. मारणं चालतं म्हणावं तर रेणूला एक शब्द बोलता येत नाही. मला दोन्ही पाहिजे. त्याचा जीव घ्यायचाय, याचा ठेवायचाय. कोणी काही म्हणो.

रेणू कपडे वाळत घालत होती. जाऊन म्हणालो, मी सभेत जात नाही, फाशीचं नावही काढत नाही, तू शनिवारचं रद्द कर. हे म्हणताना जीव जात होता. तिला वाटलं असेल नातवासाठी. खरं तर तो पोट्टा हातून सुटतोय म्हणून जात होता.

तिने पंकजची बनियन झटकली, तारेवर टाकली.

"सौदा मत कीजिए, पापा. मैंने पूछा नहीं था. बताया था."

मग म्हणाली, मम्मीचे गुडघे दुखतात, स्कूटरवर बसवत नाही. शनिवारी तुम्ही सोडाल का?

तिला थोबाडीत मारावीशी वाटली. हेही लिहून ठेवतो.

७ फेब्रु.

डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात, बाहेरच्या बाकावर बसून लिहितोय. आणलं तिला. वाटेत गतिरोधकावर तिने माझा खांदा धरला, मग सोडला.

तिवारी भैयांचे फोनवर फोन. गाडी कधी पाठवू, किती वेळ बोलणार. सांगतो म्हणालो. त्या पोट्ट्याला लटकलेला मला अजून बघायचाय. सकाळपासून स्वतःला चाचपून पाहिलं, ते तसंच आहे, तसूभर हललं नाही. आणि आतली ती खुनी आहे असंही अजून वाटतं. तरी तिची चप्पल माझ्या पायाशी आहे, कोणी लाथाडू नये म्हणून मीच ओढून घेतली.

नर्स दारात येऊन सांगून गेली, रेणू घाबरली आहे, पापांना बोलवा म्हणते.

फोन पुन्हा वाजतोय. चप्पल बाकाखाली सरकवतो आणि आत जातो.