दादासाठी मागवलेला चाकू

बाबा,

चाकूचं पार्सल आलं त्या दुपारी तुम्ही घरीच होता. पोस्टमनने दारातून दादाच्या नावाने हाक मारली, कारण पार्सल त्याच्याच नावावर मागवलेलं होतं. आई भाकरी थापत होती. तिचा हात जो थांबला तो तव्यावरची भाकरी करपून धूर झाला तरी हलला नाही. तुम्ही बाहेर जाऊन सही केलीत, पार्सल कपाटावर ठेवलंत आणि पुन्हा खुर्चीत येऊन बसलात. दादाला विषमज्वराने नेलं त्याला तेव्हा फार दिवस झाले नव्हते. त्याच्या वहाणा अजून ओसरीवरच होत्या, आणि त्या उचलायचं धैर्य घरात कुणालाच नव्हतं.

त्या चाकूसाठी त्याने तुम्हाला किती छळलं होतं! तुम्ही दर हिवाळ्यात शाळेच्या मुलांना घेऊन चिखलदऱ्याच्या पायथ्याच्या जंगलात जायचात. लाकडं फोडायची, तीन दगडांची चूल मांडायची, आपलं आपण रांधून खायचं. दादाला तिथे घरचा विळा न्यायची लाज वाटायची. कलकत्त्याच्या दुकानाच्या सूचीपत्रातलं त्या जाड पात्याच्या चाकूचं चित्र तो जेवतानाही पाटाजवळ घेऊन बसायचा. शेवटी तुम्ही म्हणालात, “मागवतो बाप्पा, पण आधी जेव.” तो ज्वरात पडला तेव्हाही शुद्धीत आला की आधी तेच विचारायचा.

पौषात एका सकाळी तुम्ही पार्सल काढून पिशवीत टाकलंत आणि मला म्हणालात, “चाल माया संगं. जंगलात जायचं हाये.” आई चौकटीत उभी राहिली. “पोरीच्या जातीले रानात कायले नेता? लोक काय म्हनतीन?” तुम्ही पिशवी खांद्याला लावलीत. मी बारा वर्षांची होते. तुमच्याबरोबर अशी एकटी मी कधीच कुठे गेले नव्हते. खरं सांगते, सर्व्हिस मोटारीत तुमच्या शेजारी बसले तेव्हा दादा गेल्यापासून पहिल्यांदाच मला बरं वाटत होतं. तुम्ही मला निवडलंत, असं मला वाटलं होतं.

परतवाड्याला उतरून आपण बैलगाडी केली. नाल्याजवळ गाडीवानाला थांबवून आपण पायीच आत शिरलो. सागाची सुपाएवढी पानं खाली पडलेली, पाऊल टाकलं की सगळं रान कुरकुरतं. तुम्ही एका खडकावर बसता आणि पार्सलची दोरी सोडता. दोरी कापत नाही, गाठ सोडवत बसता, नखांनी, कितीतरी वेळ. आत मेणकापड, मेणकापडात चामड्याचं म्यान, आणि म्यानातून तो चाकू निघतो. लाकडी मूठ, करकरीत पातं. तुम्ही तो उन्हात धरता. उलटापालटा करून बघता, आणि पात्यावरचं ऊन माझ्या पोलक्यावर नाचतं आहे.

आधी तुम्ही वाळलेलं लाकूड उभं धरून त्यावर पातं टेकवलंत आणि पाठीवर दांडक्याने टोले दिलेत. लाकूड सरळ चिरत गेलं. मग एक फाक घेऊन तिच्या पातळ ढलप्या काढायला लागलात. ढलपी तोडायची नाही, टोकाशी लटकती ठेवायची, असा झुपका झाला की काडी लावताच पेट घेतो, हे तुम्ही मला वर्गात शिकवावं तसं समजावून सांगत होता. पण तुमच्या ढलप्या तुटून खाली पडत होत्या. एक फाक गेली, दुसरी गेली. तुमच्या कपाळावर त्या थंडीत घाम आला होता.

“मी करू?” मी विचारलं.

तुम्ही चाकू दिलात. मूठ माझ्या हाताला मोठी होत होती. “अंगठा मागं घे. काहून दाबून राहिली इतकं? पातंच काम करते, तू फक्त धर.” मी नुसतं धरलं, आणि पातं लाकडातून लोण्यातून जावं तसं गेलं. एक ढलपी वळून टोकाशी लटकली. दुसरी तिच्या मागे. तिसरी. बघता बघता लाकडाला पिसारा फुटला. मला हसू आलं, आवरलंच नाही. दादा गेल्यापासून मी हसले नव्हते. “बाबा, पाहा ना!” मी म्हणाले.

तुम्ही पाहिलंत. मग माझ्या हातातून चाकू काढून घेतलात. ओढून नाही, अगदी हळू. तुम्ही म्हणालात, “मले हे तुयाकडून नव्हतं पाहाचं, पोरी.”

तुम्ही रागावला असता तर बरं झालं असतं. तुम्ही नाल्याकडे तोंड करून बसलात आणि तुमची पाठ हलायला लागली. मी त्या पिसाऱ्याचं काय करायचं ते न कळून तो हातात धरून उभी होते. चूल पेटलीच नाही. आईने बांधून दिलेली भाकरी आपण तशीच परत आणली.

परतीच्या वाटेवर गाडीवानाने विचारलं, “मास्तर, यंदा पोराले नाई आनलं? लई हुशार होतं ते.” त्याने तुम्हा दोघांना आदल्या वर्षी पाहिलं होतं. तुम्ही पिशवी मांडीवर ओढून घेतलीत. मग तुम्ही म्हणालात, “परीक्षा हाये त्याची. अभ्यास करून राहिला.” आणि तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मीही मान हलवली. बाबा, त्या दिवशी आपण दोघांनी मिळून केलेलं तेवढं एकच काम.

त्यानंतर तुम्ही मला कुठेच नेलं नाहीत. मुलांच्या सहली बंद केल्यात. नागपूरहून आलेल्या इन्स्पेक्टरसाहेबांसमोर शिकवता शिकवता मध्येच गप्प झालात आणि तसेच वर्गाबाहेर पडलात, हे मला आईने मी सासरी आल्यावर सांगितलं. अकोल्याहून मी माहेरी आले की तुम्ही प्रकृती विचारायचात, जावयाच्या वकिलीची चौकशी करायचात आणि उठून आतल्या खोलीत जायचात. मी दर वेळी वाट पाहायची. काय ऐकायचं होतं मला, ते नीटसं कळत नव्हतं. तार आली आणि मी बडनेऱ्याला उतरले तेव्हा तुम्हाला नेऊन झालं होतं. तुमचं कपाट आवरताना चाकू सापडला. इतक्या वर्षांत गंजाचा ठिपका नव्हता. पात्याला ताजं तेल होतं. त्या पोलादाची निगा तुम्ही राखलीत, आणि मी तुमच्या खोलीच्या दाराशी येऊन बसायची ती तुम्हाला दिसले नाही. तिथेच खाली बसून मी रडले, आणि बायका म्हणाल्या, बापावर किती जीव होता पोरीचा.

आता आईही गेली. शेवटी ती माझ्याकडेच होती. हे लिहून कुठे पाठवायचं, कुणी वाचायचं? घडी घालून ठेवीन आणि माझ्यामागे कुणीतरी रद्दीत देईल.

जाण्याआधी आईने माझा हात धरून विचारलं होतं, “त्याचं तोंड आठवते ना तुले?” मी हो म्हणाले. बाबा, दादाचा फोटो आपण कधी काढला नाही, आणि त्याचा चेहरा मला आठवत नाही. कधीपासून आठवत नाही, तेही मला सांगता यायचं नाही.